ला दीगचा काळा नर्तक एका दिवसात दिसेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एप्रिलमध्ये घरच्यांबरोबर पाच दिवस सेशेल्सला जाताय, त्यातला एकच दिवस ला दीग बेटावर आहे. बरोबरच्यांना पक्ष्यांत फारसा रस नाही. तिथला काळा स्वर्गीय नर्तक मात्र तुम्हाला पाहायचाच आहे. कर्नाळ्याला आपला पांढरा नर्तक पाहिलेला असल्यामुळे ओळखायला जड जाणार नाही असं तुम्हाला वाटतं, आणि कॅमेऱ्याची 70-300 मिमीची लेन्स पुरेल का, हेही विचारलंय.

दिसेल. मी तिथे तीनदा गेलोय आणि रिकाम्या हाताने एकदाही परतलो नाही, पण पहिल्या खेपेला अगदी परतायची वेळ आली होती. 'ओळखायला जड जाणार नाही' या तुमच्या वाक्यापाशीच मी तेव्हा फसलो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

कर्नाळ्याला आपण नर्तक कसा शोधतो? हिरव्या सावलीत काहीतरी पांढरं फडफडतं, रिबिनीसारखी शेपटी मागून वळत जाते आणि चाळीस पावलांवरूनही कुणीतरी 'तो बघा' म्हणतं. डोळ्यांना ही सवय लागलेली असते. ला दीगचा नर असतो काळाकुट्ट. उन्हाची तिरीप पडली तर निळी झाक मारते, एरवी कोळसा. हा काळा पक्षी दाट झाडाच्या काळ्या सावलीत बसतो, आणि आपण खाली उभे राहून वर, पानांतून दिसणाऱ्या झगझगीत आभाळाकडे बघत राहतो. वर उजेडासमोर तर साळुंकीही काळीच दिसते. मी पहिल्या दिवशी दोन तास मान मोडेपर्यंत शेंडे बघितले. साळुंक्या दिसल्या, बुलबुल दिसले, निळी कबुतरं दिसली, भरदुपारी उडणारी मोठी वटवाघळं दिसली. नर्तक काही दिसला नाही.

शेवटी राखीव क्षेत्रातला रखवालदार जवळ आला. त्याने माझी दुर्बीण हलकेच खाली केली आणि पाण्याच्या कडेच्या एका बदामाकडे बोट दाखवलं. डोळ्यांच्या उंचीला, माझ्यापासून चारेक मीटरवर, तांबूस पाठीची आणि काळ्या डोक्याची मादी डहाळीवर बसून माझ्याकडे बघत होती. किती वेळ बघत होती कोण जाणे.

म्हणून सांगतो, शेपटी शोधू नका. आधी झाड शोधा.

या पक्ष्याची सगळी गोष्ट दोन झाडांभोवती फिरते, आणि कोकणाशी नातं असलेल्या कुणालाही ती दोन्ही झाडं ओळखीची निघतील. पहिलं झाड ताकामाका, म्हणजे आपली उंडी. तीच चकचकीत जाड पानं, तीच बारीक समांतर शिरांची नक्षी, तशीच गोल फळं. आपल्याकडे किनाऱ्यावरच्या गावांत उंडीचं तेल काढायचे, दिव्यात जाळायचे, होडीला लावायचे. आजी-आजोबांकडून ऐकलं असेल. दुसरं झाड बदाम, म्हणजे सुक्या मेव्यातला नव्हे, शाळेच्या आवारात असतो तो, मजल्यामजल्यांनी आडव्या फांद्या पसरणारा, पानं लाल होऊन गळणारा. फ्रेंचांनी या झाडाला 'बादामिये' नाव दिलं, ते आपण वापरतो त्याच फारसी बदामावरून. तिथल्या क्रिओल बोलीतलं नावही त्यातूनच आलं आहे.

ला दीगच्या पश्चिमेला समुद्र आणि डोंगर यांच्यामध्ये सपाटीची एक अरुंद पट्टी आहे. या पट्टीत जुन्या उंडी-बदामांची राई आहे आणि राईला लागून पाणथळ जागा आहेत. नर्तक पानांवरचे आणि हवेतले किडे टिपून जगतो. पाणथळीच्या कडेला असे किडे भरपूर, आणि या दोन झाडांच्या पानांवरही भरपूर. त्यामुळे त्याची हद्दच अशी आखलेली असते: उंच जुनी झाडं, खाली सावली, जवळ पाणी. नारळाच्या बागेत तो शोधत बसू नका, नारळीत त्याला फारसं काही मिळत नाही. मागचा डोंगर तीनशे मीटरच्या वर जातो. चढायला छान आहे, पण या कामासाठी उपयोगाचा नाही.

सपाटीवर तो राहतो आणि माणसालाही सपाटीच हवी असते, त्याची अडचण नेमकी हीच आहे. घरं, हॉटेलं, रस्ते सगळं त्याच पट्टीत येतं. पूर्वी हा पक्षी शेजारच्या प्रालँ, फेलिसिते, मारियान या बेटांवरही होता. जंगल तुटत गेलं तसा तिथून नाहीसा झाला आणि बराच काळ वसती अशी एकट्या ला दीगवरच उरली. (प्रालँचं स्पेलिंग इंग्रजीत पाहाल तर मध्ये 'एस' दिसेल, तो उच्चारत नाहीत. बोटीचं तिकीट काढताना कामाला येईल.) त्यात 1990 च्या दशकात ताकामाकावर मर रोग आला. बुरशीचा रोग, सालीत शिरणाऱ्या भुंगेऱ्यांमुळे एका झाडावरून दुसऱ्यावर जाणारा. मोठमोठी झाडं उभ्याउभ्या वाळली. वाळलेलं एकेक झाड म्हणजे एकेका जोडीच्या संसाराचं छप्पर असतं.

आज जगात हे पक्षी काही शेकड्यांतच मोजावे लागतात. तरी एक बरी बातमी आहे. 2008 मध्ये ला दीगवरून 23 पक्षी पकडून उत्तरेकडच्या डेनिस या छोट्या प्रवाळबेटावर नेऊन सोडले. तिथे मांजरं आणि उंदीर नाहीत, सावलीची झाडं आहेत. पक्षी रुळले, वाढले. 2018 मध्ये आणखी एक लहान तुकडी प्रालँजवळच्या क्यूरिएझ बेटावर सोडली. एकेकाळी 'अतिसंकटग्रस्त' असलेला हा पक्षी आता 'असुरक्षित' गटात आलाय, तो या कष्टांमुळे. तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच, की डेनिस महाग आहे, तिथे जायचं तर तिथल्या रिसॉर्टमध्ये उतरावं लागतं, तेव्हा ते सोडून द्या. क्यूरिएझला लोक प्रालँहून एका दिवसाच्या सहलीला जातात. मुलांना तिथली मोकळी फिरणारी महाकाय कासवं आवडतील, पण तिथे नर्तक दिसलाच तर नशीब समजा. पक्ष्यासाठी ला दीगच.

आता त्या एका दिवसाचं. माझं ऐकाल तर तो एक दिवस एक रात्र करा. एका दिवसाच्या सहलीचे लोक सकाळच्या बोटीने येतात, जेटीवर सायकली घेतात आणि सगळे एका दमात त्या फोटोतल्या गुलाबी-करड्या खडकांच्या किनाऱ्याकडे निघतात. तुमचंही कुटुंब तेच म्हणेल, आणि म्हणू द्या, किनारा खरोखरच तसा आहे. पण तो आटोपून दुपारी एक वाजता राखीव जंगलात पोहोचलात तर माझ्यासारखी गत होईल. विषुववृत्ताला एवढं खेटून असल्यामुळे तिथे बाराही महिने सूर्य साधारण सव्वासहाला उगवतो आणि तेवढ्यालाच मावळतो. पक्षी सकाळी साडेसहा ते नऊ आणि दुपारी साडेतीननंतर चपळ असतात. मधल्या वेळी ते असतात तिथेच, पण गप्प. रात्री मुक्काम केलात तर घरचे उठायच्या आत तुमचं काम झालेलं असेल आणि कुणाची कुरकुरही नाही.

मुक्काम शक्यच नसेल तर क्रम उलटा करा: बोटीतून उतरल्या उतरल्या आधी जंगल, मग समुद्र. ला पासच्या जेटीवरून दक्षिणेकडे जाणाऱ्या मुख्य रस्त्याला लागलं की सायकलवर दहा मिनिटांच्या आत 'व्हव रिझर्व्ह' येतं. फ्रेंचमध्ये 'व्हव' म्हणजे विधवा. काळ्या वेषातली, लांब पदर ओढलेली. नाव नराला पाहून दिलंय, ही गंमत वेगळीच. गावातले लोक त्याला क्रिओलमध्ये 'व्हेव' म्हणतात. हा शब्द पाठ करून जा. स्वर्गीय नर्तक, पॅराडाइज फ्लायकॅचर वगैरे सांगत बसण्यापेक्षा 'व्हेव?' एवढं विचारलंत की भाजीवालासुद्धा हात करून दिशा दाखवतो.

जंगल म्हणण्याइतकं ते मोठं नाही. फार तर वीसएक हेक्टर, सपाट पायवाटा, दाराशी एक छोटं माहिती केंद्र. आत शिरल्यावर पहिली पंधरा मिनिटं चालू नका. पाण्याजवळचा, मोठ्या बदामाखालचा एक ओलसर अंधारा कोपरा निवडा आणि झाडाला पाठ टेकून उभे राहा. डास चावतील, मलम लावून जा. मान वर करू नका. नजर गुडघ्यापासून डोक्याच्या थोडी वरपर्यंत ठेवा, डहाळीच्या टोकांवरून फिरवा, आणि सावलीत हललेली कुठलीही गोष्ट दुर्बिणीशिवाय आधी बघा. नर्तकाची बसण्याची पद्धत आपल्याकडच्यासारखीच असते: ताठ, डोकं इकडेतिकडे, एकदम झेप, पान चाटून गेल्यासारखा वळसा आणि पुन्हा दुसऱ्या डहाळीवर. हा वळसा ओळखीचा वाटेल. रंग विसरा, वळसा लक्षात ठेवा.

आणि कान. तुम्ही 'गाणारा पक्षी' असं लिहिलंय. शास्त्राच्या हिशेबाने तो गाणाऱ्यांच्या कुळातलाच आहे, आणि त्याच्या प्रजातीगटाचं 'टर्पसिफोन' हे ग्रीक नावही 'मन रिझवणारा आवाज' अशा अर्थाचं आहे. 1867 मध्ये एडवर्ड न्यूटनने या पक्ष्याला 'कोर्व्हिना', म्हणजे कावळ्यासारखा, असं दुसरं नाव जोडलं. मन रिझवणारा कावळा! प्रत्यक्षात ऐकू येतो तो बहुतेक वेळा आखूड, खरखरीत, चिडका कॉल, आपल्या नर्तकाचा असतो त्याच जातीचा. कर्नाळ्याचा कॉल कानात असेल तर ला दीगला अर्धं काम झालं. हळू शिट्टीसारखं गाणंही आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका. खरखर ऐकू आली की दिशा धरा आणि दोन पावलंसुद्धा पुढे न जाता थांबा. हा पक्षी माणसाला बुजत नाही, कुतूहलाने स्वतःच जवळ येतो. पाठलाग केलात तर मात्र झाडामागच्या झाडामागे नेत राहील.

मोबाइलवर त्याचा कॉल वाजवू नका. हे मी आपल्याकडेही सांगतो आणि लोक ऐकून न ऐकल्यासारखं करतात. पण तिथे एकेका जोडीची हद्द ठरलेली असते आणि त्या वीस हेक्टरात रोज किती प्रवासी येतात याचा विचार करा. प्रत्येकाने एकदा वाजवलं तर तो नर दिवसभर नसलेल्या शत्रूशी भांडत बसेल. ही जोडी एका वेळी एकच अंडं घालते. नर-मादी दोघंही उबवतात, आणि तेवढ्या वेळात साळुंकी किंवा उंदीर घरट्याशी पोहोचला की त्या खेपेचं सगळं गेलं. घरटं बारीक लोंबत्या फांदीच्या अगदी टोकाला असतं, बऱ्याचदा पायवाटेवरच, हाताला लागेल इतकं खाली. दिसलं तर बघा आणि पुढे चला. फोटोसाठी पान बाजूला सारणारे मी पाहिलेत, त्यांच्याशी भांडलोही आहे.

साळुंकीचा उल्लेख तीनदा झाला. ती आपलीच साळुंकी, माणसाने तिकडे नेलेली. तिथल्या पक्ष्यांची घरटी मोडण्यात तिचा हात आहे. जेटीवर उतरल्यावर पहिला आवाज तिचाच येईल. घरच्यासारखं वाटेल आणि मग थोडं ओशाळल्यासारखंही.

ओळखीतला एक घोटाळा. काळा, लांब शेपटीचा पक्षी दिसला की आपल्या डोक्यात आधी कोतवाल येतो. ला दीगवर कोतवाल नाहीत. या देशातला कोतवाल खूप दूरच्या अल्दाब्रा बेटावर आहे. तेव्हा मनातला कोतवाल पुसून टाका. कर्नाळ्याच्या नर्तकाचा टोकदार तुराही इथे शोधू नका, डोकं बरंचसं गोल दिसतं. मादी म्हणजे काळं डोकं, तांबूस-विटकरी पाठ आणि पंख, मळकट पांढरं पोट, बेताची शेपटी. तिच्यासारखाच दिसणारा पण अधूनमधून काळे ठिपके आलेला पक्षी दिसला तर तो बहुधा वयात येणारा नर. पूर्ण काळा पण शेपटी आखूड, असाही दिसेल. तो पाहून 'नर नाही दिसला' असं नोंदवू नका. पिसं झडतात, पुन्हा येतात. एका पक्षीनिरीक्षक मित्राने अशा आखूड शेपटीच्या नराला यादीत घ्यायचं नाकारलं आणि दुसऱ्या दिवसाची बोट रद्द केली. त्याच्या बायकोने अजून तो विषय सोडलेला नाही.

लेन्सचं उत्तर सोपं आहे: तीनशे पुरेल, उलट कधीकधी जास्त होईल, कारण पक्षी तीनचार मीटरवर येतो. अडचण अंतराची नसून उजेडाची आहे. सावलीतला काळा पक्षी कॅमेऱ्याला कळत नाही. मागे आभाळ असेल तर कॅमेरा आभाळ बघून सगळं काळं करतो, मग एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, एक-दीड स्टॉप (पायरी) वर घ्या. मागे अंधारी झाडी असेल तर तोच कॅमेरा काळ्या पिसांना राखाडी करून टाकतो, मग उलट खाली घ्या. मी पहिल्या खेपेला एकच सेटिंग ठेवून साठ फोटो काढले. त्यातल्या अठ्ठावन्नांत पक्ष्याच्या आकाराचं भोक दिसतं. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, बिनधास्त वाढवा, दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. फ्लॅश बंद.

राखीव क्षेत्रात काही कारणाने जमलंच नाही तर हताश होऊ नका. व्हेव गावातही आहे. रस्त्याकडेला जुनी उंडी आणि तिच्यामागे दलदलीचा तुकडा दिसला की सायकल थांबवा. लोकांच्या परसात, कपडे वाळत घातलेल्या दोरीच्या वरच्या फांदीवरही मी तो पाहिलाय. कुंपणाच्या आत डोकावण्याआधी 'बोंझूर' म्हणा. तिथे नमस्कार न करता प्रश्न विचारणं उद्धट समजतात. ज्या घरासमोर मी थांबलो होतो तिथल्या आजींनी आधी खुर्ची आणून दिली, मग विचारलं, कुठून आलात. त्यांच्या लेखी व्हेव म्हणजे आपल्या अंगणातल्या चिमणीसारखा. जगात एवढ्याच ठिकाणी आहे म्हणून कुणी विमानाने येतं, याचं त्यांना हसू येत होतं. अंगणातला मोठा बदाम मात्र त्यांनी तोडू दिलेला नव्हता. का, ते मी विचारलं. सावलीसाठी, म्हणाल्या.

तुमचा एप्रिल चांगला निवडला गेलाय. मे ते सप्टेंबर आग्नेयेचे वारे असतात, बोट हलते आणि पोटातलं सगळं वर येतं. डिसेंबर ते मार्च पावसाचा जोर. एप्रिलमध्ये वारे बदलत असतात, समुद्र शांत, हवा घामट. विमान उतरतं त्या माहे या मुख्य बेटावरून प्रालँला मोठ्या बोटीने साधारण तास लागतो आणि प्रालँहून ला दीग पंधरावीस मिनिटं. परतीची शेवटची बोट संध्याकाळी लवकर सुटते. उतरल्यावर पहिलं काम म्हणजे तिची वेळ फलकावर बघून ठेवणं, पक्ष्याच्या नादात लोकांच्या बोटी चुकल्या आहेत.

पाचापैकी अजून अर्धा दिवस चोरता आला तर प्रालँहून कूझँ बेटावर जा. हे न विचारता सांगतोय, कारण तुम्हाला दयाळ आवडतो असं तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय. आपल्या दयाळाचा तिथला भाऊ, क्रिओलमध्ये 'पी सांतेझ', काळा, पंखावर पांढरा पट्टा, पोट मात्र पांढरं नाही. 1960 च्या दशकात तो फ्रेगात बेटावर डझन-दीड डझनच उरला होता. आता तो कूझँसह चारपाच बेटांवर आहे, पानगळीत किडे शोधत अगदी पायाशी येतो. 1968 मध्ये पक्षीसंरक्षणासाठी कूझँ बेटच विकत घेतलं गेलं, तेव्हा तिथल्या सेशेल्स वटवट्याचे तीसपेक्षा कमी पक्षी जगात होते. तोही आता सहज दिसतो. बेटावर आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळीच जाता येतं. तुमची बोट किनाऱ्याला लागू देत नाहीत. उंदीर चढू नये म्हणून रखवालदार त्यांच्याच बोटीतून तुम्हाला नेतात, आणि लाटेवरून वाळूत ती अशी घुसवतात की कॅमेरा जलरोधक पिशवीत नसेल तर भिजतो. माझा भिजला. जुनी लेन्स तेव्हाच गेली, म्हणूनच सध्या माझ्याकडेही 70-300 च आहे.